उलट्या बोटांचं माप

अजूनही दोरीवर साडी वाळत घातली की मी उलटी बोटं तिच्यावर टेकवून बघते. घरचे हसतात. हसेनात का! ही खोड मला काकांची लागली.

काका म्हणजे तारापूरच्या आमच्या प्लास्टिक कारखान्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर, राहणारे कुंभवलीचे. पातळ फिल्म मशीनवर गुंडाळली जात असताना ते तिला नुसती उलटी बोटं लावायचे आणि सांगायचे, "ढिली हाय." ताण कमी पडला तर रोलचे थर घसरतात, जास्त झाला तर फिल्म ताणली जाऊन वाया जाते. काय दिवस होते ते! गरम प्लास्टिकच्या त्या वासाचीसुद्धा मला आठवण येते.

मी माकुणसारहून नवीनच कामाला लागले होते. हातात ताण मोजायचा मीटर आणि डोक्यात हवा. साहेबांनी बजावलं, आठ दिवस काकांचा अंदाज आणि मीटरचा आकडा शेजारी शेजारी लिही; जुळलं नाही तर काका मशीनवरून थेट गोडाऊनला. सहा दिवस दोन्ही तंतोतंत जुळले. मी चडफडायचे.

"पोरी, तुज्या डबीला जरा चा पाज," काका म्हणायचे.

सातव्या दिवशी मीटर माझ्या हातून फरशीवर आपटला. पटकन उचलला, ओढणीने पुसला. चालू होता. कुणाला सांगायची छातीच झाली नाही. नोकरी नवी ना! त्या दुपारी काका म्हणाले, "ढिली हाय." मीटर म्हणाला, ताण बरोबर आहे. मी दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं आणि मशीन मीटरप्रमाणेच चालू राहिलं. आठव्या दिवशीही तेच. नवव्या दिवशी काका गोडाऊनमध्ये खोकी रचत होते.

पुढच्या महिन्यात त्याच दोन दिवसांचे रोल गिऱ्हाइकाकडून परत आले, थर एका बाजूला सरकलेले. शेवटी साहेबांसमोर सगळं ओकून टाकलं. त्यांनी मला यथेच्छ झापलं, पण काकांच्या जागी बसवलेला माणूस काही हलवला नाही.

तशीच रडत गोडाऊनमध्ये गेले. "काका, मीटर माझ्या हातून पडला होता हो."

"माहीत हाय. मी मागंच उबा होतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

काकांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "तू बोलशील म्हणून वाट बगत होतो."