छपरावरचा कळस

सोनं गाळायच्या गलाईच्या धंद्यावर मी विट्यात अष्टकोनी छपराचं घर बांधलं. माळ्यावर अभ्यास करणारी लेक उकाड्यानं चक्कर येऊन पडली, तेव्हापासून मी घराचा आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरला शिव्या देत होतो.

पत्र्याची कामं करणारा एक म्हातारा बोलावला. मी भाव पाडायला लागलो, तर तो सरळ माळ्यावर गेला, उदबत्ती पेटवली आणि मांडी घालून धूर बघत बसला. धूर छपराच्या टोकाशी जाऊन कोंडला.

“शेठ, टोकाचं भोक कुणी बुजवलं?”

“मी पितळी कळस बसवलाय. इंजिनिअर नको म्हणत होता.”

“जल्मभर सोनं गाळलंसा, आन् धुराड्यावरच झाकण ठिवलं व्हय?”

छपरावर चढून मी स्वतः कळस उतरवला. तोवर म्हाताऱ्यानं उदबत्ती विझू दिली नाही; कोंडलेला धूर भोकातून माझ्या तोंडावर आला.