बिनगळाचा दोरा

"नाही घेत म्हंजे नाही घेत! तुही चीज आहे, तुह्याजवळ ठेव."

"अबे, पन ठेवून करू काय? तांड्यावरचे पोट्टे तिची तुराटी करून टाकतीन."

"करू दे तुराटी! लेका, देतानी म्या परत मागीन म्हनलो होतो का?"

"मिस्तरी, आवाज खाली घे. रस्त्यावरचे लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे! त्याईले बी समजू दे डोंगरसिंग कसा मानूस आहे."

दोघांच्या मधोमध, काउंटरवर, अय्यूबनंच डोंगरसिंगला दिलेली मासे धरायची गळकाठी आडवी पडली होती. डोंगरसिंगच्या बायकोच्या, हंसाबाईच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेली, वरून सुतळीनं बांधलेली. डोंगरसिंग ती परत करायला तांड्यावरून मुद्दाम आला होता. ऐन कापूसवेचणीचे दिवस, बायामाणसं वावरात, आणि हा गडी अर्धी सकाळ मोडून बोरी अरबच्या बाजारात उभा. अय्यूब मात्र त्या गाठोड्याला हात लावायला तयार नव्हता. पुढ्यातल्या जळक्या मोटरीतून काळी पडलेली तार तो पकडीनं अशी ओढत होता, की मोटरीनंच त्याचं काही वाकडं केलं असावं.

अय्यूबचं वाइंडिंगचं दुकान बापापासूनचं. आसपासच्या विहिरींवरच्या मोटरी जळल्या की इथंच येतात. नववीत शाळा सुटली त्या दिवशी बापानं त्याला या स्टुलावर बसवलं. दाढी पांढरी झाली तरी तो अजून त्याच स्टुलावर आहे. तांब्याची तार सोडवायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, सुकवायचं. लेक आरिफाचं लग्न झालं, बायको शबानाच्या गुडघ्यांनी संप केला, डोळ्याला चष्मा आला. एवढ्या सगळ्यात बिनकामाचं म्हणावं असं काही त्यानं कधी केलंच नव्हतं. पत्ते नाहीत, सिनेमा नाही, चौकातल्या गप्पा नाहीत. शबाना म्हणायची, "तुमच्यात पण कोणीतरी तारच भरलीय."

मग इमराननं तसली एक काठी आणली.

इमरान शेजारचा, ट्रकवाला. वणीच्या खाणीकडं खेपा करता करता कुठल्या तरी ड्रायव्हरकडून त्यानं हा नाद उचलला. वेताहून बारीक, मनगटाला वजन न जाणवणारी काठी. केसासारखा दोरा. टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं आणि रबराची इवलीशी मासोळी. अय्यूब पाहून हसला होता.

"इस्से मच्छी पकडेगा? ये तो सुई में पिरोने का धागा है!"

"चल तर खरा," इमरान म्हणाला.

त्याच वेळी डोंगरसिंग जळकी मोटर घेऊन दुकानात आला होता. दर उन्हाळ्यात त्याची मोटर जळायची आणि दर उन्हाळ्यात तो अय्यूबला म्हणायचा, "तू तार खराब टाकतो." तोही निघाला. म्हणाला, "मोटर सुकेस्तोवर मी अठी बसून करू काय?"

असे तिघं पहिल्यांदा सागवानाच्या टेकडीमागच्या तलावावर गेले, आणि तिघांचेही रविवार तिथंच राहिले.

पहिल्या हंगामात अय्यूबचे मासे सुटायचे. मासा लागायचा, काठी कमानीसारखी वाकायची आणि गाठीपाशी दोरा कट्. मरळीमागून मरळ गेली. चूक कोणाच्या ध्यानात येईना. एकदा डोंगरसिंग त्याच्या हातांकडं पाहत बसला आणि ओरडला, "अबे, हे तांब्याची तार नोय! कोरडीच आवळून राह्यला तू. दोरा जळते गाठीत."

खरंच होतं. मिस्तरीचा हात, गाठ दिसली की कचकन आवळायची सवय. डोंगरसिंगनं गाठ ओठांत धरून थुंकीनं ओली केली आणि हळूच ओढली. गाठ लोण्यासारखी बसली. तेव्हापासून अय्यूबचा दोरा गाठीपाशी कधी तुटला नाही.

पण रमजानात पंचाईत. रोजा असताना अय्यूब दोरा तोंडात धरेना. त्याचा वसवसा मोठा, थुंकीसोबत काही गिळलं गेलं तर रोजा मोडेल ही धास्ती. तो नुसती गाठ मारून हात पुढं करायचा, आणि गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा धरणारा डोंगरसिंग ती स्वतःच्या तोंडात घेऊन ओली करून द्यायचा.

"खऱ्याचा वास येते लेका गाठीले," अय्यूब कुरकुरायचा.

"मासे खूश होतीन. फुकटात नशा."

पकडलेला मासा ते सोडून द्यायचे. ही इमरानची अट होती, पुढं तिघांची झाली. तळहात ओला करायचा, मासा अल्लद धरायचा, गळ काढायचा, पाण्यात ठेवायचा. त्यानं एकदा कल्ले उघडझाप करून शेपटी मारली की बोटं आपोआप सैल. तलावावर जाळी टाकणारा उकंडा भोई हे पाहून पोट धरून हसायचा.

"काय मिस्तरी, पकडता, तोंड पाहता अन् वापस पाठवता! पोरगी पाहाले आले का? पसंत नाही पडली?"

"हुंडा कमी होता," डोंगरसिंग तोंडावरची रेषही न हलवता सांगायचा.

खरं सुख माशात नव्हतंच. ते त्याआधीच्या क्षणात होतं. दोरा पाण्यात, शिसं तळाला टेकलेलं, काठी दोन बोटांत नुसती तोललेली. आणि मग खालून, कुठल्या तरी गढूळ अंधारातून, टक. एवढंच. कोणी दारावर नखानं वाजवावं तसं. अय्यूब श्वास धरायचा. बाजूला डोंगरसिंग कुजबुजायचा, "आला?" हा म्हणायचा, "आला." बस्स. दोघं पुन्हा गप्प. दुपारी हंसाबाईची भाकर-ठेचा आणि शबानाची उकडलेली अंडी.

पुढं इमराननं वणीलाच घर केलं. येतो येतो म्हणायचा, आला नाही. दोघं राहिले. दोघंही पुरेसे होते.

यंदा पावसाच्या तोंडालाच डोंगरसिंगची पोरगी राखी तापानं पडली. यवतमाळच्या दवाखान्यात रक्तातल्या पेशी उतरत चालल्या होत्या आणि डॉक्टर नीट काही बोलत नव्हते. अय्यूब दुकान बंद करून गेला होता. हंसाबाई आत, हे दोघं बाहेर पायरीवर. डोंगरसिंग हात चोळत बसलेला. अय्यूबला काय बोलावं सुचेना, म्हणून त्याच्या तोंडून निघून गेलं, "मन्नत माग. आपली सगळ्यात प्यारी चीज सोडतो म्हन."

राखी वाचली. आता ती सायकलवरून शाळेत जाते. आणि डोंगरसिंग तेव्हापासून तलावावर आला नाही. आधी म्हणाला पेरणी, मग डवरणी, मग फवारणी. आज काठीच घेऊन आला.

"सांग ना, काहून परत करतो?" अय्यूबनं पकड खाली ठेवली. "काहीतरी कारन अशीन ना!"

डोंगरसिंगनं खिशातून खऱ्याची पन्नी काढली, तळहातावर घोटली, चिमूट गालात सारली. अय्यूब त्या हाताकडं पाहतच राहिला.

"खर्रा खातो तू अजून?"

"खातो."

"अन् मन्नत? थे खऱ्याची होती ना?"

"खऱ्याचं नाव कोनं घेतलं?"

"म्या तर तेच समजलो होतो बे! म्हनलो, खर्रा सुटन याचा, पोट्टी बी वाचन. दोन कामं होतीन."

"तू म्हनला, सगळ्यात प्यारी चीज." डोंगरसिंग शटरला टेकला. "खर्रा काय प्यारी चीज आहे? थे तर आदत आहे."

अय्यूबनं चष्मा काढला, फडक्यानं पुसला, पुन्हा घातला. फडकं वार्निशचं होतं. काचा आणखीच धुरकट झाल्या. मग एकाएकी तो उठला, फळीवरून एक डबी काढली आणि घाईघाईनं उघडली.

"हे पाह्य. हे पाह्य पहिले." तांब्याच्या तारेचं बारकं वेटोळं, त्यावर लाल दोरा गुंडाळून केलेली मासोळी. "गळच नाही याले. बिनगळाचं आहे. म्या केलं. मासा येते, टक करते, अन् जाते आपल्या घरी. ना टोचनं, ना रगत. तुह्या देवीले काय धक्का लागते याच्यात? गेल्या रविवारी म्या टाकून पाह्यलं. चिलापी आल्ती. अशी टक केली तिनं! म्या म्हनलो, आला—"

तो थांबला. गेल्या रविवारी तो "आला" मोठ्यानं म्हणाला होता, आणि बाजूच्या, डोंगरसिंगच्या रिकाम्या दगडाकडं पाहिलं होतं. त्यानंतर दोरा पुन्हा पाण्यात टाकायची इच्छाच झाली नव्हती. ते काही तो सांगणार नव्हता.

डोंगरसिंगनं मासोळी हातात घेतली. बोटांत फिरवली. वेटोळ्याचे वेढे एकाला एक लागून, कुठं फट नाही. हे करायला किती वेळ लागला असेल ते त्याला न विचारताच कळलं.

"लई झकास केलं," तो म्हणाला.

"मंग? येतो ना?"

"मिस्तरी, म्या मासे सोडतो म्हनलोच नोतो."

"मंग काय सोडलं तू?"

डोंगरसिंगनं मासोळी डबीत ठेवली. झाकण लावलं. "तठी बसनं सोडलं. रविवारचं. तुह्यासंग. दवाखान्याच्या पायरीवर डोये मिटले तं दुसरं काही दिसलंच नाही मले. म्हनलो, हे घे याडी, देवीमाय, पन पोट्टी दे."

बाहेर कापसानं फुगलेली एक गाडी भोंगा वाजवत गेली. दुकानात वार्निशचा वास कोंदला होता. अय्यूबला राग यावा तर कोणावर यावा हेच कळेना. राखीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, दोन वेण्यांचा, गेल्या आठवड्यातच तिनं रस्त्यातून "चाचा!" म्हणून हात केला होता. त्या चेहऱ्यावर कसा राग धरायचा.

"म्हंजे एवढं होतं तुले," तो शेवटी म्हणाला. "अन् मले आज समजून राह्यलं."

डोंगरसिंगनं डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"चहा तरी घे."

"नको. बाया वावरात हायेत. कापसाच्या चुंगड्या भरल्या असतीन."

"डोंगऱ्या." हे नाव अय्यूब फक्त तलावावर घ्यायचा. बाजारात, लोकांत, कधीच नाही. "एक सांग मले. देवीनं पोट्टी देल्ली, सलामत राहो. तू तुही चीज देल्ली, बराबर आहे. पन रविवार काय तुह्या एकट्याचा होता? अर्धा माहा बी होता ना? तू देऊन टाकला. मले इचारलं होतं का?"

डोंगरसिंगनं पायऱ्यांवरच्या चपलांत पाय सरकवले. एक अंगठा नीट बसला नव्हता. तो वाकला, पट्टा ओढला, सरळ उभा राहिला.

मग काठी काउंटरवरच ठेवून तो उन्हात उतरला आणि बाजाराच्या गर्दीतून तांड्याच्या रस्त्याला लागला.