डोकं आधी पोचतं

आमच्या घरासमोरच्या पाळणाघराच्या फाटकात आई दिसली, तशी दीड वर्षाची मीरा धावत सुटली. डोकं पुढे गेलं, पाय मागे राहिले आणि ती पायरीवरून पालथी पडली. आईने धावत येऊन फरशीला चापट मारली. "मुंगी मेली बघ, मीरू!" मुंगी शोधता शोधता मीरा रडायची थांबली.

इंग्रजीत अविचाराने घाई करण्याला 'हेडलाँग' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'डोकं पुढे करून' एवढाच आहे. मीराच्या धावण्यात अविचार कुठे होता?

"उद्यापासून मीच हिला उचलून आणते," पाळणाघराच्या मावशी म्हणाल्या.

"नको हो मावशी, दिवसभर मी या धावण्याचीच वाट बघते," आई म्हणाली. "मीच पायरीपाशी येऊन उभी राहीन."