आत्याच्या गुडघ्यातली लागवड

माझ्या बी.एस्सी.चं सगळं श्रेय शिनोलीच्या माझ्या हौसाआत्याचं आहे, आणि तिच्या गुडघ्याच्या दुर्दशेचं सगळं श्रेय माझं.

आत्यानं मला सांभाळलं, शिकवलं, घराण्यातला पहिला पदवीधर केलं. तिच्या लेकीचं लग्न महिन्यावर आलं, मी मदतीला पुण्याहून आलो आणि तिचा गुडघा ठणकायला लागला.

"दत्तू, मढच्या विहिणीपुढं मला लंगडत जायचं न्हाई. तुझ्या बुकात काय इलाज हाय का?"

उपकार फेडायची एवढी घाई कुणाला होऊ नये! मी म्हणालो, "आत्या, सांध्यात हाडांवर कूर्चा असते. मऊ गादीच म्हण. तुझी झिजलीय. पण स्टेम सेल म्हणून पेशी असतात. त्यांच्यापासून नवी कूर्चा उगवेल का, ते शास्त्रज्ञ शोधतायत."

('उगवेल' मी ठणकावून म्हणालो. 'शोधतायत' बहुधा पुटपुटलो.)

"म्हंजे लागवडच की!" जन्मभर टोमॅटोची रोपं लावलेली बाई ती! "मग रोप जीव धरंस्तवर तुडवायचं न्हाई."

आत्या बाजेवर आडवी झाली ती झालीच. गुडघा सावलीत, वर ओलं गोणपाट! चूल माझ्याकडे आली, मागोमाग म्हैसही. (म्हशीनं माझी पदवी शेवटपर्यंत मानली नाही. रोज बादली लाथाडायची.)

"आत्या, ऊठ, चाल! ते सगळं अजून प्रयोगशाळेत आहे!"

"आन् रोप मोडलं म्हंजी? तू भरून देशील व्हय?"

दहा-बारा दिवसांत गुडघा वाकेनासाच झाला. मग जीपमध्ये घालून तिला घोडेगावला नेलं.

"यांना झोपवून कुणी ठेवलं?" डॉक्टर कडाडले.

आत्या अभिमानानं म्हणाली, "आमच्या बी.एस्सी.नं!"

डॉक्टरांनी व्यायाम दिला, रोज थोडं चालायला लावलं. मी देव पाण्यात घातले. लग्नाच्या दिवशी आत्या सावकाश, पण कुणाचा हात न धरता विहिणीला सामोरी गेली. बघते तर विहीणच काठी टेकत येतेय!

आत्या कळवळली. "अगं बया! तुमच्यात बी कुणी बी.एस्सी. झालंय व्हय?"

पुण्याला परतल्यावर मी तिला पत्र टाकलं:

"ती. हौसाआत्यास साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता दुखत नाही, हे कळून फार आनंद झाला. म्हशीखाली उकिडवं बसून बसून माझा मात्र धरलाय. आज इथल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी शिक्षण विचारलं. मी दहावी सांगितलं."