शेजारच्या मावशीसाठी आणलेला भोंगा

माझे वडील, अण्णा, माजघरात झोपलेत हे विसरून मी अलार्म चालू केला, बाहेरून कुलूप घातलं आणि रोह्याला लग्नाला गेलो. माणूस हलला की भोंगा वाजवणारं ते यंत्र खरं तर शेजारच्या मावशीसाठी होतं. ती खिडकीतून हात घालून मागची कडी काढते आणि अर्धं बोलणं अंगणातच संपवून आत येते.

पेणला परतलो, तर कुलपापाशी सगळी गल्ली जमलेली आणि भोंगा गप्प. अण्णांचं हृदय आधीच नाजूक. मी घाईघाईनं कुलूप काढलं. आत बघतो तर अण्णा मावशीसोबत चहा पितायत! भोंग्याची वायर तिनं उपटली होती. माझा जीव भांड्यात पडला.

मावशी म्हणाली, "घरान बाप हाय का नाय, यवढा बगाया पन दुसरी मशीन आनशील काय रं?"