ओडलेव ब्रेक्केला पुस्तकात जागा नाही

होल्मवोगच्या मैदानाला लाकडी कुंपण आहे. त्या कुंपणाबाहेर, गोलच्या बरोब्बर मागे, ओडलेव ब्रेक्के अडतीस वर्षं उभा राहिला. आत यायची त्याला बंदी होती. साठ साली मी गावच्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर झालो, त्यामुळे त्याच्या शिव्या सगळ्यात जास्त मी खाल्ल्या.

"पेडर, पाय आहेत की ओंडके? पुढे ये, पुढे! अरे मेल्या, चेंडू चावत नाही!"

एकदा चिडून मी मागे वळलो आणि तेवढ्यात गोल झाला. तो हसलासुद्धा नाही. "बघ आता माझ्याकडेच," म्हणाला. वाईट म्हणजे त्याचं बरोबर असायचं. मी जे काही शिकलो ते कुंपणापलीकडून शिकलो, पण त्याच्याशी कधी एक शब्द बोललो नाही. त्याच्याशी बोलणाऱ्याच्या शेजारी हेरिंग माशांच्या कारखान्यात डबा खायला कुणी बसत नसे.

कारण सगळ्या गावाला पाठ होतं. चाळीस साली जर्मनांनी देश घेतला आणि खेळाच्या संघटना आपल्या माणसांच्या हाती दिल्या, तेव्हा देशभरच्या खेळाडूंनी खेळणंच बंद केलं. आमच्या क्लबनेही गोलच्या जाळ्या उतरवून चर्चच्या माळ्यावर टाकल्या. बेचाळीसच्या सप्टेंबरात नव्या सत्ताधाऱ्यांनी इथे एक सामना भरवला. बघायला नऊ माणसं, त्यातली सहा गणवेशातली. एका गोलमध्ये आमचा तेव्हाचा गोलकीपर, ओडलेव.

त्याच आठवड्यात आमचा कप्तान आन्सगार मू चोरून छापलेली वर्तमानपत्रं वाटताना पकडला गेला. त्याची रवानगी जर्मनीतल्या छावणीत झाली. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात तो अर्धा होऊन परतला. युद्धानंतरचा पहिला सामना होता त्या दुपारी ओडलेव बूट घेऊन आला, तर आन्सगार फाटकातच उभा.

"कुठे निघालास?"

"खेळायला."

"तू खेळून घेतलंस," आन्सगार म्हणाला. त्याने ते बूट हिसकावले आणि मैदानालगतच्या फ्योर्डच्या खाडीत भिरकावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात माझे वडीलही होते.

एकाहत्तर साली क्लबला पन्नास वर्षं झाली. तोवर मी खेळणं सोडून चिटणीस झालो होतो आणि आन्सगार अध्यक्ष होता. क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही जिल्ह्याचा कप एकदाच जिंकलो, अडतीस साली, आणि शेवटच्या मिनिटाची पेनल्टी ओडलेवने अडवली होती म्हणून जिंकलो. त्या दिवशीच्या फोटोत तो उजव्या टोकाला उभा आहे.

"टोकाला आहे ते बरंच झालं," आन्सगार म्हणाला. "काप."

"आणि पेनल्टीचं काय लिहू?"

"अडवली गेली, असं लिही."

मी तसंच लिहिलं.

पुस्तक निघालं त्याच्या तिसऱ्या दिवशी ओडलेव माझ्या रंगाच्या दुकानात आला. दोन गिऱ्हाइकं होती, ती काही न घेताच निघून गेली. त्याने पुस्तक काउंटरवर आपटलं.

"दहा जणांनी कप जिंकला?"

मी पुस्तक बाजूला सारलं.

"मी माफी मागायला आलेलो नाही. बेचाळीसला मी खेळलो. मला कुणी धमकावलं नव्हतं, घरात कुणी उपाशी नव्हतं. दोन वर्षं चेंडूला हात लागला नव्हता, मला खेळायचं होतं. लिही की तसं! देशद्रोही लिही, कुत्रा लिही, पण नाव लिही."

मी आन्सगारच्या घरी गेलो. तो स्वयंपाकघरात पावावर तपकिरी चीज कापून ठेवत होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"शिवी छापायची तरी नाव छापावं लागतं," तो म्हणाला. "मी आहे तोवर ते व्हायचं नाही."

"पण त्याने तुम्हाला पकडून दिलं नव्हतं."

"नव्हतं दिलं. आम्ही कैदी नेणाऱ्या बोटीच्या तळाशी एकमेकांच्या अंगावर पडून होतो, तेव्हा हा इथे झेपा घेत होता. पकडून दिलं असतं, तर निदान माझी आठवण तरी काढली असती."

ओडलेवला मी काही कळवलं नाही, त्यानेही विचारलं नाही. पुढच्या रविवारपासून तो पाहुण्या संघाच्या बाजूने ओरडू लागला, तेवढ्याच मन लावून.

त्र्याऐंशीला आन्सगार गेला, आणि त्याच वर्षी गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ओडलेवचं मैदानावर येणं थांबलं. शहाण्णवला, पंच्याहत्तर वर्षांच्या पुस्तकाच्या वेळी, अध्यक्ष मीच होतो. पेनल्टी आणि बेचाळीसचा तो सामना, दोन्ही मी ओडलेवच्या नावानिशी लिहिलं आणि कागद घेऊन त्याला वाचून दाखवायला वृद्धाश्रमात गेलो. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"आन्सगार वाचणार आहे का हे?"

"तो जाऊन तेरा वर्षं झाली."

"मग कशाला?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नर्सने दोन कप कॉफी आणली होती. मी माझी प्यायलो आणि निघालो.

आन्सगारची मुलगी आउसा हिने आपली प्रत माझ्या दुकानाच्या दारात फेकली. बाकी गावात आता बहुतेकांना ती नावंच माहीत नव्हती.

ओडलेव पुढच्या मार्चमध्ये गेला. क्लबतर्फे अंत्यविधीला फुलांचं चक्र पाठवायचं की नाही यावर कमिटीत तीन विरुद्ध तीन मतं पडली. निर्णय माझ्यावर आला, आणि मी पाठवू म्हणालो. त्या दिवशी चर्चबाहेर आउसा माझी वाट बघत होती.

"माझ्या बापाला काय पाठवलं होतं क्लबने?"

"चक्रच. मोठं होतं."

"म्हणजे आता दोघे सारखेच," ती म्हणाली आणि माझ्या बुटांपाशी थुंकली.

आज तिचा नातू आमच्या संघात खेळतो. ती प्रत्येक सामन्याला येते. मी मैदानाच्या ज्या बाजूला असेन, त्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूला जाऊन ती उभी राहते.