मावशीचे चोपन्न किलो

माझ्या मावशीचं वजन भिंतीवर लिहिलेलं आहे. काट्याच्या शेजारी, काळ्या रंगात, मालकाच्या तिरक्या अक्षरात: ५४. अकरा वर्षांपूर्वी ती इथे कामाला लागली त्या दिवशी मालकाने तिला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला आणि ब्रश घेऊन रंगवून टाकला. त्यानंतर ती एकदा तापाने वाळली, एकदा औषधांनी सुजली, चाळिशी मागे टाकून पन्नाशीला टेकली. मालकाच्या लेखी ती चोपन्नच राहिली.

इथे ग्रेट डेन जातीची कुत्री वाढवून विकतात. पिल्लू लहान असतं तोवर टोपलीत ठेवून तोलता येतं. दोन-अडीच महिन्यांनंतर ते टोपलीत मावत नाही आणि काट्यावर क्षणभर स्थिर उभं राहत नाही. मग मावशी त्याला उचलून घेते आणि स्वतः काट्यावर चढते. मालक आकडा वाचतो, त्यातून चोपन्न वजा करतो. उरेल ते पिल्लाचं.

राहायची खोली कामाबरोबर मिळालेली. आवाराच्या मागच्या भिंतीला लागून, एकच खिडकी, तीही पिल्लांच्या जाळीकडे उघडणारी. खोलीचा एकच गुण: दाराशी पायरी नाही. आजीचं, म्हणजे मावशीच्या आईचं, कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून तिला पायरी म्हणजे डोंगर. मावशीने दोनदा दुसरीकडे जागा पाहिल्या. एक दुसऱ्या मजल्यावर होती, दुसरी तिसऱ्या. काम सोडलं तर खोली सोडायची, आणि खोली सोडली तर आईला कुणाच्या खांद्यावर घालून वर न्यायची?

आजी खिडकीशी बसून सगळ्या आवारावर नजर ठेवते. तिचं म्हणणं, "जाळी एकच आहे गं. ती तिकडून बघतात, आपण इकडून."

मालक तसा वाईट माणूस नाही. पगार वेळेवर देतो, आजीला दवाखान्यात स्वतःच्या गाडीतून नेतो. पण त्याचा एक हट्ट आहे: पिल्लू भरलेलं दिसलं पाहिजे. "गिऱ्हाईक काय बरगड्या मोजायला येतं का, बाई? गिऱ्हाईक आकडा विचारतं."

मावशीचंही एके काळी असंच होतं. सहा वर्षांपूर्वी डोंगर नावाचं एक पिल्लू तिने हाताने भरवून वाढवलं. दिवसाला चार भांडी, वर हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची पावडर. पाचव्या महिन्यात ते वासराएवढं दिसायचं आणि मावशी येईल त्याला दाखवायची. सहाव्या महिन्यात त्याचे पुढचे पाय मनगटापाशी बाहेर वळले. वर्षाचा झाला तेव्हा तो बसूनच खायचा. विकत नेणाऱ्याने त्याला परत आणून सोडलं.

जनावरांच्या डॉक्टर तेव्हा मावशीवर रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं. दीड वर्ष लागतं, लागू द्यायचं. अंग पुढे धावलं की कोवळ्या हाडांवर भार येतो. आणि ही पावडर बंद. त्याच्या खाण्यात लागेल तेवढं आधीच असतं. वरचं नको असलं तरी पिल्लाच्या शरीराला ते नाकारता येत नाही."

मग त्यांनी मावशीचा हात हातात घेतला. मूठ वळायला लावली आणि बोटांच्या उंचवट्यांवरून तिच्याच दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. "बरगड्या अशा लागल्या तर पिल्लू उपाशी आहे." हात उलटा करून तळव्यावर बोट दाबलं. "अशा बुडाल्या तर लठ्ठ." मग पंजा सरळ करून वरच्या बाजूने. "हाडं कळतात, पण टोचत नाहीत. असं हवं."

डोंगर अजून तीन वर्षं जगला. रोज सकाळी मावशी त्याचे पाय चोळायची. तो तिचा हात चाटायचा, आणि तिला ते सोसायचं नाही.

यंदाच्या वेतात एक नर निघाला, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला. एका कंत्राटदाराने तो दोन महिन्यांचा असतानाच पसंत केला, पण त्याच्या घराच्या कुंपणाचं काम चालू होतं. चार महिन्यांचा झाला की नेतो, म्हणाला. मालकाने जाता जाता छाती फुगवून शब्द देऊन टाकला, "तोवर बत्तीस किलोचा करून देतो. पैलवान!"

झालं. पिल्लाचं नाव पैलवान पडलं आणि मावशीला डोंगर आठवला.

ती मोजून खायला घालायची. मालक संध्याकाळी येऊन अजून एक भांडं भरायचा. ती डॉक्टरांचं सांगू लागली की तो हसायचा. "डॉक्टर बाईंनी किती पिल्लं विकलीत आजवर?" पावडरीचा डबाही पुन्हा फळीवर आला. तिसऱ्या आठवड्यात पैलवान उठताना क्षणभर थबकू लागला, डोंगर थबकायचा तसाच. मावशीने ते दाखवलं, तसं मालक म्हणाला, "आळशी आहे. आमच्या पोरासारखा."

आणि मग ती चूक घडली.

अधाशी पिल्लांच्या भांड्यात इथे एकेक मोठा गुळगुळीत गोटा ठेवतात. तोंडात मावणार नाही एवढा. पिल्लाला त्याच्या कडेकडेने खावं लागतं, बकाबका गिळता येत नाही. त्या सकाळी मावशीने धुवायला म्हणून दोन गोटे ॲप्रनच्या खिशात टाकले होते, तेवढ्यात मालकाने काट्यावर बोलावलं. ती पैलवानला घेऊन तशीच चढली.

"वा रे वा!" मालक ओरडला. "आठवड्यात साडेतीन किलो! बघितलंस? अंगाला लागतंय." तो इतका खूश झाला की संध्याकाळचं भांडं विसरून गेला.

मावशी खाली उतरली तेव्हा गोटे मांडीवर आपटले. ती सांगायला तोंड उघडणार होती. पण पैलवान तिच्या पायाशी बसला होता, आणि संध्याकाळी त्याला जादा खाणं मिळणार नव्हतं. ती गप्प बसली.

पुढच्या आठवड्यात तिने ॲप्रनला आतून दोन खिसे शिवले. आजीने खिडकीतून पाहिलं.

"खिशात काय भरतेस?"

"गोटे."

"का गं, खड्डा बुजवायचाय?"

"खड्डा खणतेय, आई."

आजी म्हणाली, "माझ्यासाठी खणू नकोस. मी पडले एकदा, तेवढं पुरे."

आकडा वाढता राहिला की मालक खाण्यात हात घालत नसे. पावडर मावशी खिडकीखालच्या मातीत मिसळायची. पैलवान सडसडीत वाढत होता, उठताना थबकत नव्हता, पंजाच्या वरच्या बाजूसारख्या त्याच्या बरगड्या हाताला लागत होत्या. पण खरं वजन आणि सांगितलेलं वजन यांतली दरी दर आठवड्याला थोडी रुंदावायची, आणि ती गोट्यांनी भरावी लागायची. दोनाचे तीन झाले, तिनाचे चार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. शेवटच्या आठवड्यात सहा गोटे होते, साडेचार किलो. ते घेऊन, वर पिल्लू उचलून चढताना तिचे गुडघे कुरकुरायचे. मालक म्हणायचा, "बघ, तुलासुद्धा उचलवत नाही आता!"

तिचा हिशेब साधा होता: आणखी एक रविवार. कंत्राटदार पिल्लू घेऊन गेला की सुटलो.

रविवारी कंत्राटदार आला तो एकटाच. हळू बोलणारा, चष्मा कपाळावर चढवलेला, प्रत्येक कागद दोनदा वाचणारा माणूस. त्याच्यासमोर वजन झालं. मालकाने शहाऐंशीचा आकडा मोठ्याने वाचला, भिंतीकडे बोट दाखवलं. "चोपन्न गेले, बत्तीस राहिले. शब्द म्हणजे शब्द."

कंत्राटदाराने खिशातून एक कागद काढला. खाद्याच्या पोत्यावरचा तक्ता त्याने कापून आणला होता. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्याने बोट खाली खाली नेलं.

"चार महिने, बत्तीस किलो. म्हणजे रोज... सहा कप." त्याने पेनाने गोल केला. "कप मी मापाचा आणलाय. स्वयंपाकघरात चिकटवतो हे. वजन वाढेल तसं एकेक ओळ खाली जायचं, बरोबर ना?"

"एकदम बरोबर," मालक म्हणाला. "आणि माझ्यातर्फे रोज अर्धा जास्त. पैलवान आहे तो."

मावशी अजून काट्यावरच उभी होती. पैलवानचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. तिने सगळ्याचा विचार केला होता, तक्त्याचा नव्हता. हा माणूस मन लावून, मोजून, एक दिवस न चुकता, तिच्या खोट्या आकड्याएवढं खाऊ घालणार होता. मालक निदान विसरायचा तरी. हा विसरणार नव्हता.

खिडकीत आजी होती. मावशीने तिकडे एकदा पाहिलं.

मग ती उतरली. पिल्लू खाली ठेवलं. खिशातून एकेक गोटा काढून काट्यावर मांडला. सहा. काटा साडेचारवर थांबला.

"हे त्याचं नाही," ती म्हणाली.

मालकाला आधी कळेचना. त्याने एकेक गोटा उचलून बघितला आणि खाली ठेवला. कंत्राटदाराने मात्र पेन पुन्हा उघडलं. "म्हणजे साडेसत्तावीस." मग तो भिंतीकडे बघत राहिला. "आणि हे चोपन्न कधीचे आहेत?"

"अकरा वर्षांपूर्वीचे."

"मग एकदा एकट्या चढा की."

मावशी चढली. काटा छप्पन्नवर थांबला.

"साडेपंचवीस," कंत्राटदार म्हणाला. आवाजात राग होता, पण कुणावर ते त्यालाच ठरवता येत नव्हतं. "साडेसहा किलो हवा विकत होता मला?"

"या बाईने उपाशी ठेवलंय!" मालक ओरडला. "इथेच ठेवा महिनाभर, मी भरून देतो."

"मूठ वळा," मावशी कंत्राटदाराला म्हणाली. डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं तसंच तिने त्याला शिकवलं: मूठ, तळवा, पंजाची वरची बाजू. मग त्याची बोटं पैलवानच्या बरगड्यांवर ठेवली. त्याने डोळे मिटून चाचपलं, पुन्हा स्वतःचा पंजा चाचपला, पुन्हा बरगड्या. सगळं दोनदा. मग डोंगरचे पाय कसे वळले ते तिने सांगितलं. कुणी भरवलं तेही सांगितलं.

कंत्राटदाराने तक्त्यावरचा गोल खोडला आणि दोन ओळी वर नवा काढला. "बोटांना टोचायला लागलं तर वाढवायचं?"

"हो. थोडंच. आणि गाडीतून उडी मारू देऊ नका. उचलून उतरवा."

पैलवानला घेऊन गाडी गेली. मालक काट्यापाशी उभा होता.

"किल्ली दे," तो म्हणाला.

मावशीने खोलीची किल्ली पुढे केली.

"ही नको. खाद्याच्या कोठीची." ती घेऊन त्याने स्वतःच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. "म्हातारीला कुठे काढू मी? राहा. पण यापुढे काट्यावर मी चढणार, आणि भांडी मी भरणार. काठोकाठ."

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरच्या ५४ वर रेघ मारली आणि खाली ९१ रंगवले. आजी म्हणाली, "त्याचे तरी किती दिवस टिकतात बघू."

नवं वेत आता पाच आठवड्यांचं आहे. नऊ पिल्लं. मालक संध्याकाळी येतो आणि भांडी काठापर्यंत भरतो. मावशीच्या हातात राहिलंय ते भांडी घासायचं, पिल्लं पुसायचं आणि भांड्यांत गोटे ठेवायचं. कोठीची किल्ली तिच्याकडे नाही, खोलीची आहे.

परवा मी गेले तेव्हा ती कुंपणाबाहेरच्या दगडांच्या ढिगापाशी वाकली होती. एकेक गोटा उचलायची, भांड्यात ठेवून बघायची, परत टाकायची. शेवटी एक सापडला, नारळाएवढा, सगळीकडून गुळगुळीत. तो भांड्यात ठेवला आणि वर पाणी ओतलं. तीन पेले टाकल्यावर पाणी काठाला आलं. रिकाम्या भांड्यात पाच मावतात.

"असे अजून आठ लागतील," ती म्हणाली आणि पुन्हा ढिगावर वाकली.